वाऱ्याखालची बाजू

माझं बालपण माण तालुक्यातलं. बाजरीचं खळं झालं की आजोबा सूप घेऊन उफणायला उभे राहायचे, पण लगेच ओतायचे नाहीत. वाऱ्याची वाट बघायचे. वारा लागला की दाणे पायाशी पडत आणि भुसा पंख्यासारखा पसरत लांब जाई. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये स्थायिक झालो, डोंगरात हरवलेल्यांना शोधणारं कुत्रं तयार करू लागलो, तेव्हा तो भुसा मला पुन्हा भेटला.

माणूस नुसता बसून असला तरी दर मिनिटाला त्याच्या अंगावरून त्वचेचे हजारो बारीक कण गळतात. त्या कणांना त्याचा वास असतो आणि वारा तो वाहून नेतो. माणसाजवळ दाट नि अरुंद, लांब जाईल तसा विरळ नि रुंद. आपल्याकडे पोलिसांचं कुत्रं कपडा हुंगून जमिनीवरचा माग काढतं, ते सगळ्यांना माहीत आहे. आमची कुत्री नाक वर करून वाऱ्यातला वास धरतात. तो कुणाचा, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. त्या उतारावर जो कुणी माणूस असेल तो शोधायचा. म्हणून आम्ही वाऱ्याखालच्या बाजूने शिरतो आणि वाऱ्याला आडवे चालतो. ब्रिटनमध्ये या कामाची संघटना 1965 मध्ये गिर्यारोहक हॅमिश मॅकिनिस यांनी उभी केली. हिमप्रपातात गाडलेल्यांना शोधणारी कुत्री त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये पाहिली होती.

माझी बिजली बॉर्डर कॉली, म्हणजे मेंढ्या वळणाऱ्या जातीची. इथल्या डोंगरांवर तर जिकडेतिकडे मेंढ्याच. शोधाच्या कुत्र्याने त्यांच्या मागे लागायचं नाही, ही पहिली परीक्षा. धनगरांच्या वाड्यांशेजारी वाढल्यामुळे तिच्याकडून मी किती मोठा त्याग मागत होतो, ते मला कळत होतं. बाकीचं शिक्षण लपाछपीचं. कुणीतरी तिचा चेंडू घेऊन दगडाआड पळतं, ती शोधते, खेळायला मिळतं. मग माणूस सापडला की माझ्याकडे परत येऊन भुंकायचं आणि मला तिथवर न्यायचं. याला आम्हाला अडीच वर्षं लागली. या काळात कितीतरी माणसं भर पावसात तासन् तास नेच्यांच्या झुडपात पडून राहिली, केवळ बिजलीने त्यांना शोधावं म्हणून. त्यांचं ऋण फिटणारं नाही.

एका नोव्हेंबरात रात्रीचा सराव होता. आभाळ निरभ्र, थंडी कडक. दगडी बांधाच्या कडेने जाताना बिजलीची मान झटकन वर, चढाकडे वळली. नकाशावरून मी ठरवून बसलो होतो की माणूस खाली, ओढ्याच्या वाटेवर असणार. शीळ घालून तिला बोलावून घेतलं. ती आली. तीन तासांनी तो माणूस सापडला तो बांधाच्या वरच, जेमतेम चाळीस पावलांवर. अशा रात्री गार हवा उतारावरून खाली सरकते आणि वरचा वास खाली आणते. ऊन तापलं की हवा चढते, तेव्हा कड्यावरून शोधावं. हे मला तोंडपाठ होतं. तरी मी कागदावर विश्वास ठेवला आणि वास प्रत्यक्ष नाकात असलेल्या जिवाला मागे ओढलं. तो खरा हरवलेला माणूस असता तर, हा विचार आजही मला झोपू देत नाही.

तेव्हापासून खिशात टाल्कम पावडरची बाटली असते. दर थोड्या वेळाने चिमूटभर हवेत सोडतो, कुठे वाहते ते बघतो. बांधाआड वारा गोल फिरतो, घळीत वास साचून राहतो. बाकी वेळ नजर बिजलीवर. तिचे कान, शेपटी, चालीतला जरासा अडखळ. नकाशा पाहायचा तो फक्त आम्ही कुठे आहोत ते कळायला.

कधी डोंगरात वाट चुकलात, अंधार पडला, तर एका जागी थांबा. घुंगराचा आवाज आला, गळ्यात दिवा बांधलेलं कुत्रं समोर येऊन उभं राहिलं, तर त्याला हाकलू नका. तुम्हाला पाहून ते लगेच पळून जाईल. तेव्हा धीर सोडू नका. ते आम्हाला आणायला गेलेलं असतं.