घंगाळावरची अक्षरं

वाडा पाडून तिथे नवी इमारत उभी राहणार, म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही कसबा पेठेतलं घर आवरायला घेतलं. माळ्यावरची भांडी खाली आली. नव्या जागेत ती मावणार नव्हती, त्यामुळे बरीचशी मोडीत जाणार हे ठरलेलंच होतं. मी आईला एवढंच म्हटलं, जाण्याआधी प्रत्येकाचा एक चांगला फोटो मला काढू दे.

पहिल्या दिवशी एकही फोटो मनासारखा आला नाही. स्वयंपाकघरात ट्यूब चालू, शिवाय खिडकीतून दिवसाचा उजेड. दोन्ही एकत्र आल्यामुळे तांबं एका अंगाला हिरवट तर दुसऱ्या अंगाला निळसर दिसत होतं. फ्लॅश लावला, तर समोरून पडणाऱ्या त्या झोतानं घंगाळाची सगळी गोलाई गेली. आंघोळीच्या पाण्याचं एवढं खोल घंगाळ, ते परातीसारखं चपटं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. ताट मांडीवर, खिडकी डाव्या हाताला, ट्यूब बंद. मी विचारलं, दिवा लावू का? ती म्हणाली, "नको गं. ट्यूबखाली खडा कळत नाही. इथं बसलं की त्याची सावली पडते."

मी तिथेच थांबले. वस्तूचा आकार डोळ्याला कळतो तो सावलीमुळे, आणि सावली हवी तर उजेड बाजूनं यायला हवा. छायाचित्रणाच्या पुस्तकांत हे मी वाचलेलं होतं. आईला ते रोजच्या तांदळातून माहीत होतं.

मग खिडकीपासून दोन फुटांवर स्टूल मांडलं, त्यावर पाट ठेवला. आमची खिडकी उत्तरेची. एरवी तिच्यातून सौम्य, एकसारखा उजेड येतो; पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात सूर्य भर दुपारीसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळी तर या खिडकीत तिरपं ऊनच येतं. त्यावर बाबांचं धुवट धोतर पडद्यासारखं बांधलं. समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला, म्हणजे अंधारी बाजू अगदीच काळी पडू नये. कॅमेरा तिकाटण्यावर, आयएसओ 100, छिद्र एफ 8, शटर पाव सेकंद. बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. आईनं चिंच-मीठ लावून तांबं लख्ख केलं होतं, त्यात माझा लाल कुडता दिसायला लागला. तो बदलून काळा घातला.

हे घंगाळ आमच्या जवळच्याच तांबट आळीतलं, मठारलेलं. मठारकाम म्हणजे हातोडीनं ठोके देत पत्र्यावर ओळीनं उठवलेल्या खळग्या. त्यानं पत्रा टणक होतो आणि उजेड खेळतो. बाजूच्या उजेडात प्रत्येक खळगीला स्वतःची एक चमक आणि स्वतःची एक सावली आली. ठोक्यांच्या ओळी मोजता येत होत्या. एके ठिकाणी ओळ किंचित वाकडी गेली होती. तिथे कारागिराचा हात थबकला असणार.

घंगाळ बोट-बोट फिरवत असताना काठाखाली ठिपके दिसले. मी धोतर बाजूला केलं. तिरपं ऊन काठाला घासून गेलं आणि ठिपक्यांची अक्षरं झाली: 'चि. सौ. कां.' आणि पुढे आईचं माहेरचं नाव. त्याखाली 'आत्याकडून सप्रेम, 1968'.

आई इतकी वर्षं समजत होती की हे घंगाळ सासरचं आहे. तिनं चष्मा लावला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "आत्यानं दिलं होय," ती म्हणाली. "शिवणकाम करून दिवस काढायची गं ती." मग बराच वेळ काही बोलली नाही.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकारानं 1930 साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला होता. नरसाळ्याच्या भिंतीवरून परतणारा उजेड मिरचीच्या सगळ्या वळणांना मिळावा म्हणून. मीही लोणच्यासाठी आणलेल्या चार कैऱ्या घंगाळात ठेवून पाहिल्या. तांब्याच्या पोटातून आलेल्या उबदार उजेडानं हिरव्या सालीच्या कडेला केशरी झाक आली. त्या सकाळचा सगळ्यात सुंदर फोटो तोच.

लोणच्याच्या बरणीवर मात्र चकाकीत खिडकी उमटत होती, गजांसकट. काळं कापड धरून ती घालवता आली असती. मी राहू दिली. ती खिडकी आता नाही.

मोडीत नऊ भांडी गेली. घंगाळ आईनं ठेवून घेतलं. तुमच्याही माळ्यावर तांब्या-पितळेची भांडी असतील, तर ती देऊन टाकण्याआधी एक सकाळ खिडकीशी ठेवा. फोटोला मोबाइलही पुरतो. ट्यूब बंद करा आणि काठ सावकाश फिरवून बघा. नाव बहुतेक असतंच.