दुखण्याआधीची गोळी

जे दुखणं अजून आलेलं नाही त्याचं औषध घरात भरून ठेवू नये, असं माझं ठाम मत होतं. गंगाखेड तालुक्यात माझं औषधाचं दुकान आहे. उरलेल्या गोळ्या घरोघरी कशा फिरतात, एकाचं औषध दुसरा कसा घेतो, हे रोज बघतो. त्यातून मॉर्फीन घरात ठेवायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

मत बदललं ते मावशीच्या आजारपणात. उभा जन्म मिश्री लावलेली बाई. तोंडाचा कॅन्सर झाला. संभाजीनगरला उपचार झाले. रोग हटणार नाही हे कळल्यावर त्रास कमी ठेवण्याचं औषध घेऊन ती घरी आली. पिशवी मी दुकानदाराच्या नजरेनं उघडली. दर चार तासांची मॉर्फीनची गोळी. मधेच कळ उठली तर द्यायच्या जादा गोळ्या, वेगळ्या पाकिटात. उलटी होत नसताना उलटीची गोळी. जखमेला वास सुटला तर मेट्रोनिडाझोल कुटून त्याची पूड भुरभुरायची. आणि शेवटी लिहिलेलं: रक्त जास्त जाऊ लागलं तर गडद रंगाचं कापड वापरा, लाल डाग दिसून माणूस घाबरत नाही. मी मावसभावाला म्हणालो, "हे सगळं आत्ताच कशाला सांगायचं?"

उत्तर मावशीनं दिलं. "रातच्याला कळ उठली, वढ्याला पाणी असलं, तर कुठं पळणार रे तू गोळीसाठी?"

जादा गोळ्यांचं पाकीट तिनं आपल्या जुन्या चंचीत, पान-तंबाखूच्या जागी ठेवलं. नातवंडांचा हात पोचू नये म्हणून चंची कमरेला. पाकिटातल्या बऱ्याच गोळ्या तिनं घेतल्याच नाहीत. "हाय म्हणून डोळा लागतो," म्हणायची. माझ्या धंद्यात गोळीचं काम पोटात गेल्यावर सुरू होतं. हिच्याबाबतीत ते कमरेलाच सुरू झालं होतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहत होतो.

मग एक साधी गोष्ट लक्षात आली. मॉर्फीननं पोट बहुतेकांचं आवळतं, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याची गोळी देतात. तिथं कुणी बद्धकोष्ठाची वाट पाहत नाही. मग वेदनेचीच वाट का पाहायची?

आमच्याकडे तर वाट पाहणं फार महाग पडतं. मॉर्फीन माझ्या दुकानात नसतं. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकानं ते वर्षानुवर्षं रुग्णांपासून लांब राहिलं. 2014 मध्ये कायदा सुधारला, देशभर एकच नियम झाले, राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेल्या रुग्णालयांना ते ठेवता येऊ लागलं. महाराष्ट्रानं 2012 मध्येच त्रास कमी ठेवण्याच्या (पॅलिएटिव्ह) सेवेचं धोरणही केलं होतं. पण गोदाकाठच्या गावातून अशा रुग्णालयापर्यंतचा एसटीचा दिवसभराचा प्रवास तसाच राहिला. ब्रिटनमध्ये अखेरच्या दिवसांसाठी इंजेक्शनं पेशंटच्या घरी आधीच ठेवतात, पण ती द्यायला नर्स घरी येते. इथं रात्री दोन वाजता नर्स म्हणजे सून, नाहीतर दहावीतला नातू. त्यांच्या हाताशी औषध हवं, आणि किती द्यायचं, कधी फोन करायचा, हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं.

तरी सगळ्यांनाच पिशवी हवी असते असं नाही. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गुरुजींनी ती साफ नाकारली. "ती खुंटीवर दिसली की मी आजच गेल्यासारखं वाटतं," म्हणाले. मुलानं समजावलं, मीही समजावलं, ते बधले नाहीत. शेवटी औषध शेजारच्या डॉक्टरांच्या घरी ठेवलं. हे गुरुजींनीच सुचवलं. त्यांचं म्हणणं मला मावशीइतकंच खरं वाटतं. भीती एकच, एकीला औषध जवळ असल्यानं धीर येतो, दुसऱ्याला ते नजरेआड असल्यानं.

अडचण ही की आपल्याकडे पेशंटला कुणी विचारतच नाही. "बाबांना कॅन्सर म्हणून सांगू नका," असं काउंटरवर कुजबुजत सांगणारी मुलं मला महिन्यातून एकदा तरी भेटतात. माया असते त्यात, मला ती कळते. पण रोगाचं नावच लपवलं तर पुढं काय काय होऊ शकतं आणि त्याचं औषध कुठं ठेवायचं, हे बोलणार कसं? मग सगळं मुलगा ठरवतो, आणि घाबरलेला मुलगा रात्री गोळी द्यायलाही धजत नाही. या गोळीनंच जीव जाईल म्हणून. मावशीच्या घरी ही भीती नव्हती, कारण गोळी मागणारी तीच होती.

ती गेल्यावर उरलेल्या गोळ्या मावसभावानं मोजून रुग्णालयात परत नेल्या. अशा गोळ्या पडून राहू नयेत, या मतावर मी अजून ठाम आहे. फक्त तेवढ्यासाठी त्याचा अख्खा दिवस गेला. मॉर्फीन देण्याची आणि परत घेण्याची सोय तालुक्याच्या रुग्णालयात व्हायला हवी, आणि मान्यता, नोंदवह्या, कुलूपबंद कपाट यांच्या कामात लागेल ती मदत करायला मी तयार आहे.