कार्यभार-यादीत नसलेली वस्तू

ओरगडमला माझा भाचा असतो. चेन्नईच्या नैऋत्येला, श्रीपेरुंबुदूरजवळचे हे गाव. २०१० साली येथे रेनॉ-निसानचा मोटार कारखाना आणि २०१२ साली डेमलरचा ट्रक कारखाना सुरू झाला, आणि आमच्या चाकण-पिंपरीकडची काही मंडळीही पोटापाण्यासाठी इकडे आली. भाचा त्यांतलाच. रबराचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात तो खरेदी सांभाळतो. संगणकाची भीती वाटत नाही एवढ्याच पात्रतेवर इंटरनेटची व्यवस्थाही त्याच्या गळ्यात पडली आहे. अतिरिक्त कार्यभार सरकारातही असाच मिळतो.

मागच्या मुक्कामात एका रविवारी तो म्हणाला, "मामा, येता का कारखान्यात? दोन तासांचे काम आहे." गेलो. जुनी जोडणी काढून नवी फायबर जोडणी राउटरला लावायची होती. त्याने संगणकावर १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकून राउटरचे पान उघडले. नव्या कंपनीने कागदावर चार आकडे दिले होते: स्थिर आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस. मला समजावे म्हणून तो म्हणाला, "हा आपला घर क्रमांक, ही आळीची हद्द, हा वेशीचा दरवाजा, आणि हा नाव सांगितल्यावर पत्ता काढून देणारा. एक जरी चुकला तरी दिवे हिरवेच दिसतील, काम मात्र होणार नाही."

हिरव्या दिव्यांशी माझी जुनी ओळख आहे. निवृत्तीच्या थोडे आधी माझ्या अखत्यारीतील एका तहसील कार्यालयात, ऐन जूनमध्ये, पहिल्या पावसात वीज गेली आणि आली, आणि राउटर अडला. कोणीतरी उत्साहाने टाचणी घेऊन त्याचे मागचे बारीक बटण दाबून धरले. राउटर कारखान्यातून आला तसा कोरा झाला. त्यात काय भरलेले होते हे फक्त ठेकेदाराच्या एका मुलाला ठाऊक होते, आणि तो नोकरी सोडून गेला होता. खातेनाव आणि पासवर्ड मिळवण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दिवे हिरवे झाले. लहानसहान पाने उघडत, पण सातबाराचे पान अर्ध्यावर अडकून राही. चौथ्या दिवशी कारण सापडले. एका पाकिटाची नेहमीची कमाल लांबी १५०० बाइट असते. आमच्या जोडणीच्या पद्धतीत, म्हणजे पीपीपीओईत, त्यातले ८ बाइट जोडणीलाच लागत, आणि उरत १४९२. हा आकडा कोणी भरलाच नव्हता, त्यामुळे मोठी पाकिटे वाटेतच गळत होती.

त्या चार दिवसांत पीक कर्जासाठी सातबारा हवा असलेली माणसे व्हरांड्यात बसून होती. त्यांतल्या एका बाईंनी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातल्या सावकाराकडून बियाण्याचे पैसे उचलले. पाऊस थांबणार नव्हता, आणि त्यांचे चुकलेही नव्हते. मला हे नंतर कळले.

मग मी कार्यभार हस्तांतरणाच्या याद्या काढून पाहिल्या. खुर्च्या, कपाटे, शिक्के, किल्ल्या, सगळे नोंदलेले. राउटरची नोंद 'काळी पेटी, नग १' अशी होती. त्या यादीवर तपासणी करून सही केलेली होती, ती माझीच. कोषागाराच्या भांडारकक्षाला दुहेरी कुलूप असते. दोन किल्ल्या दोन जबाबदार माणसांकडे असतात आणि जादा किल्ल्या कोठे ठेवल्या याचीही नोंद असते. दमडीन् दमडीची इतकी काळजी वाहणाऱ्या आमच्या व्यवस्थेला त्या काळ्या पेटीलाही किल्ली असते हे सुचले नव्हते. आणि पुष्कळदा ती किल्ली सर्वांना ठाऊक असते, म्हणजे 'अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन'. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने अशाच कारखानी पासवर्डांच्या साठेक जोड्या वापरून जगभरातील कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे कित्येक तास आडवी केली.

असो. ओरगडमला चार आकडे भरून झाले, जोडणी चालू झाली, आणि भाचा फायरवॉलच्या नियमांकडे वळला. हे नियम वरून खाली वाचले जातात. जो पहिला लागू पडेल तो चालतो, आणि सर्वांत शेवटी लिहिलेले असते की बाकी सर्व बंद. मला हे ओळखीचे वाटले. नागरिकाला जे निषिद्ध नाही ते मोकळे असते. अधिकाऱ्याला मात्र जे अधिकृत नाही ते बंद. फायरवॉल ही अधिकाऱ्याच्या जातीची आहे.

सातव्या नियमाशी तो थबकला. बाहेरच्या कोणत्याही पत्त्यावरून आतल्या एका संगणकापर्यंत, दूरस्थ नियंत्रणाच्या ३३८९ या दारातून थेट प्रवेश. शेजारी शेरा होता 'तात्पुरते'. नाव नाही, तारीख नाही. तात्पुरत्या परवानग्यांचे आयुष्य किती असते हे मला कोणी सांगायला नको. नोंदवही उघडली तर त्या दारावर अनोळखी पत्त्यांवरून रात्रंदिवस थापा पडत होत्या.

"बंद करतो," तो म्हणाला, आणि लगेच, "पण सोमवारी एखादे यंत्र थांबले तर?"

हाच प्रश्न विचारून आम्ही सरकारात कित्येक दारे वर्षानुवर्षे उघडी ठेवली आहेत. मी म्हटले, पुसू नकोस, नुसता निष्क्रिय कर. कोणी, केव्हा, का केला ते तिथेच लिही. मग एका वहीत ते चार आकडे आणि सगळे नियम उतरवून घे, पासवर्ड बदल आणि पाकिटात घालून मालकाच्या तिजोरीत ठेव. त्याने ते केले. पाकिटावर लाख नव्हती, म्हणून चिकटपट्टीवर आम्ही दोघांनी सह्या केल्या.

सोमवारी अकरा वाजता फोन आला. यंत्र पुरवणाऱ्यांचा तंत्रज्ञ विचारत होता, आमची जोडणी का लागत नाही? म्हणजे सातव्या नियमाला वाली होता. भाच्याने त्याला सांगितले, "तुमचा ठरावीक आयपी पत्ता आणि कामाची तारीख लेखी पाठवा. त्या पत्त्यापुरते शुक्रवारपर्यंत उघडून देतो." पलीकडचा बराच कुरकुरला. दुपारी त्याचे पत्र आले, त्यात तारीख घालायची राहिली होती, म्हणून भाच्याने ते परत पाठवले.