नागपुरांतील नवें स्वयंपाकघर

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनुमानाचा दृष्टान्त म्हणून जी वास्तू प्रथम दाखविली जाते, ती राजवाडा नव्हे कीं देवालयहि नव्हे. ती महानस, म्हणजे स्वयंपाकघर होय. पर्वतावरील धुरावरून तेथील अग्नि ओळखावयाचा, तर ह्या दोहोंचें साहचर्य आधीं कोठें तरी पाहिलेलें असलें पाहिजे. आणि तें प्रत्येकानें आपल्या घरच्या महानसांत पाहिलेलेंच असतें, असें अन्नंभट्टासारखे शास्त्रकार गृहीत धरतात. नागपूरच्या महाल भागांतील जुन्या वाड्यांचीं स्वयंपाकघरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना हा दृष्टान्त समजावून सांगण्याचें कारण नाहीं. शेणानें सारवलेली भूमि, भिंतीशीं चूल व वैल, वर काजळलेलीं लाकडें, उंचावर एक लहानसा झरोका. विळी, पाटा-वरवंटा, परात, पोळपाट हीं सर्व बसून वापरावयाचीं. आणि ज्येष्ठ-आषाढांत ओलीं लाकडें फुंकून गृहिणीचे डोळे लाल झालेले.

तें महानस आतां इतिहासजमा होत चाललें आहे. वर्धा मार्ग, बेसा, मनीषनगर ह्या बाजूंना शहर वाढत आहे, आणि तेथील नव्या घरांत स्वयंपाकघर हें दिवाणखान्याचेंच एक अंग झालें आहे. धूर गेला, काजळी गेली, ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय होय. परंतु गॅसची शेगडी आली तशी बसून राबणारी गृहिणी उभी राहिली. तिच्यासाठीं ओटा आला; आणि त्या ओट्याचा दगड, त्याची उंची, त्यावरील दिवा हें सर्व कोणीतरी निवडणें भाग पडलें. दुर्दैवानें ही निवड पुष्कळदां चित्रें पाहून होते, आणि चित्रांत राबणारे हात नसतात. आमच्या घरीं गेल्या वर्षीं हें कार्य निघालें, तेव्हां सूनबाईंबरोबर दगडांचीं आवारें हिंडून जें पाहिलें व तपासून घेतलें, तें सुज्ञ वाचकांपुढें ठेवीत आहें.

दगडाच्या बाबतींत नागपूर हें सीमेवरचें नगर आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा थिजलेला लाव्हारस, पश्चिमेकडून पसरत येथवर येऊन संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेस त्याहून कितीतरी प्राचीन असे पट्टेदार स्फटिकमय खडक लागतात, तर कामठीकडे वालुकाश्म. १८४५ मध्यें येथें आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं आपलें अध्यापन सांभाळून ह्या खडकांचा व त्यांतील जीवाश्मांचा अभ्यास केला. येथील हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवानें चालतें. देशांतील खनिजांचा हिशेब ठेवणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचें मुख्य कार्यालयहि नागपुरांतच आहे. इतकें असून नागपूरच्या ओट्यावर नागपूरचा दगड क्वचितच दिसतो. कडप्पा आंध्रांतून, शहाबादी कर्नाटकांतून, कोटा व मकराण्याचा संगमरवर राजस्थानांतून आणि ग्रॅनाइट बहुतांशीं दक्षिणेकडून येतो. मौज अशी कीं, बाजारांत काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा दगड भूशास्त्राच्या दृष्टीनें पुष्कळदां ग्रॅनाइट नसतोच. तो आपल्या काळ्या पाषाणाचाच, परंतु भूगर्भांत सावकाश थिजलेला, भाऊबंद असतो.

हें कुळ-गोत्र पाहणें निरर्थक नाहीं. संगमरवर, कडप्पा, शहाबादी व कोटा हे चारहि चुन्याच्या कुळांतले. लिंबू, चिंच, ताक, आणि ज्यावांचून नागपूरचा हिवाळा जात नाहीं तें संत्रें, ह्यांतील आम्ल चुन्याला खातें. झिलईदार पांढऱ्या संगमरवरावर संत्र्याची फोड तासभर राहिली, तर तेथें झिलई उडून फिकट डाग पडतो. आणि तो डाग घासून जात नाहीं, कारण तेथें दगडच झिजलेला असतो. कडप्प्याचेंहि तसेंच होतें. परंतु त्याला झिलईचा अभिमान नसल्यानें तें डोळ्यांत भरत नाहीं. अल्प खर्चांत वर्षानुवर्षें निमूटपणें सेवा करणारा हा दगड तुच्छ लेखूं नये. ग्रॅनाइटाला आम्लाची भीति नाहीं; मात्र त्याच्या सूक्ष्म रंध्रांत तेल व हळद शिरतात, म्हणून त्याला वरचेवर संरक्षक लेप द्यावा लागतो. दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून घ्यावा, त्यावर लिंबाचा रस, तेल व हळद यांचे थेंब टाकून रात्रभर ठेवावें आणि सकाळीं धुऊन पाहावें. दुकानदाराच्या वक्तृत्वापेक्षां ही परीक्षा अधिक विश्वसनीय आहे. एका ठिपकेदार दगडावर माझें मन बसलें होतें. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, दगड सुरेख आहे खरा; पण ह्यावर सांडलेली मोहरी दिसायची कशी?” ह्या एका प्रश्नानें तो दगड बाद झाला.

उंचीविषयीं तर फारच उदासीनता दिसते. गवंडी सर्वांना एकच माप लावतो. वस्तुतः जी व्यक्ति तेथें अधिक वेळ राबणार, तिनें सरळ उभें राहून कोपर काटकोनांत वांकवावें आणि कोपराच्या खालीं चार ते सहा इंचांवर ओट्याचा माथा यावा. पांच फूट उंचीच्या स्त्रीला तो सुमारें ३२ इंचांवर येतो, तर साडेपांच फुटांच्या स्त्रीला सुमारें ३६ इंचांवर. पोळ्या लाटतांना खांद्यांतून जोर द्यावयाचा असतो, म्हणून तेवढी जागा आणखी थोडी खालीं असलेली बरी. हे चार इंच चुकले, तर रोज दोन वेळां, वर्षानुवर्षें, त्याचें व्याज पाठ आणि खांदे भरीत राहतात.

आतां खोलीच्या मध्यभागीं बांधावयाच्या सुट्या ओट्याविषयीं. ह्यास हल्लीं इंग्रजी शब्दानें आयलंड, म्हणजे बेट, म्हणतात. ह्या बेटावर शेगडी ठेवण्याची हौस पुष्कळांना असते. ज्या गांवीं मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि घरोघर कूलर घोंघावत असतो, तेथें खोलीच्या मध्यावरील ज्योत वाऱ्यानें फडफडते व फोडणीचा खाट घरभर पसरतो. शेगडी भिंतीशींच बरी; तेथें धूर बाहेर नेणारी नळीहि आंखूड पुरते. बेट तयारीसाठीं राखावें. वडाभाताचे वडे थापावयाचे आहेत, सांबारवडी भरावयाची आहे, पुरणाच्या दिवशीं चौघींनीं मिळून काम उरकावयाचें आहे, अशा प्रसंगीं त्याच्या चारी बाजूंनीं उभें राहतां येतें, आणि जुन्या माजघरांतील कोंडाळें पुनः जमतें. भोवतीं साडेतीन फुटांची वाट सोडावी. आमच्या घरीं त्याचा एक भाग ३० इंच उंचीवरच ठेवला व खालीं गुडघे शिरतील एवढी पोकळी सोडली. सौभाग्यवतींना गुडघ्यांमुळें फार वेळ उभें राहवत नाहीं. परंतु खुर्चीवर बसून मेथी निवडणें, कणीक मळणें त्यांनीं सोडलेलें नाहीं. उभ्या स्वयंपाकघरानें ज्यांना बाहेर काढलें होतें, त्यांना ह्या लहानशा सोयीनें पुनः आंत बोलावलें.

दिव्याचें तत्त्व एका वाक्यांत सांगतां येईल: प्रकाश हातांवर पडावा, पाठीवर नव्हे. छताच्या मध्यभागीं एकच तेजस्वी दिवा लावला, तर ओट्याशीं उभ्या असलेल्या व्यक्तीची सांवली तिच्याच विळीवर पडते, आणि बोट कापलें म्हणजे दोष सुरीला दिला जातो. वरच्या कपाटांच्या खालीं, पुढल्या कडेला, एल.ई.डी. दिव्यांची पट्टी बसविली कीं हा दोष जातो. ज्या निळ्या एल.ई.डी.च्या शोधामुळें हे पांढरे दिवे शक्य झाले, त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा ह्या शास्त्रज्ञांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु सर्व पांढरे दिवे सारखे नसतात. पालेभाजीचा ताजेपणा व पोळीचा भाजलेपणा डोळ्यांनींच ओळखावयाचा असल्यानें रंग यथार्थ दाखविणारा दिवाच घ्यावा. काळ्या झिलईदार दगडांत दिवा आरशासारखा दिसून डोळे दिपतात. तेथें झिलई नसलेला पृष्ठभाग पत्करावा. दिवसाच्या उजेडाबाबत आपल्या पूर्वजांनीं स्वयंपाकघराला आग्नेय कोपरा दिला, त्यांत व्यवहारहि आहे. तेथें सकाळचें ऊन मिळतें, आणि नागपूरचें दुपारनंतरचें पश्चिमेचें प्रखर ऊन टळतें.

शेवटीं एक गोष्ट, जी कोणत्याहि दुकानांत आपण होऊन सांगितली जात नाहीं. क्वार्ट्झ म्हणून विकला जाणारा कृत्रिम दगड हा गारेचा चुरा राळेसारख्या रसायनानें सांधून केलेला असतो, व त्यांत गारेचें प्रमाण बहुधा शेंकडा नव्वदांच्या आसपास असतें. त्यावर तापलेली कढई ठेवली तर डाग पडतो, हा लहान दोष झाला. मोठा दोष असा कीं, तो कोरडा कापतांना उडणारी सिलिकेची धूळ कारागिराच्या फुप्फुसांत बसते आणि सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. तरुण कामगार ह्या रोगाला बळी पडूं लागल्यामुळें ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून ह्या दगडाच्या वापरावर बंदी घातली. ग्रॅनाइटांतहि सिलिका असते, जरी प्रमाण पुष्कळ कमी असलें तरी. म्हणून दगड कोणताहि घ्या, तो आवारांतच, पाण्याच्या धारेखालीं कापून आणण्याचा आग्रह धरा. सिंकसाठीं घरांत कोरडें भोंक पाडणाऱ्या मुलाच्या तोंडावर नुसता रुमाल बांधलेला असतो. त्यानें ती धूळ अडत नाहीं. आम्हीं ही अट घातली, तेव्हां दुकानदारानें थोडे पैसे व दोन दिवस अधिक मागितले. ते दिले.

आपल्या महानसांतून धूर गेला, म्हणून कोणाचेंच डोळे आतां लाल होत नसतील, असें अनुमान करणें बरोबर नाहीं. तो धूर धुळीच्या रूपानें दुसऱ्याच्या वाट्याला गेला नाहीं ना, एवढें पाहूनच ओट्यावर पहिलें दूध उतूं घालावें.