प्रवेश नाकारला : घरगुती संगणकातील बंद फोल्डरांविषयी

मालवण किनाऱ्यावरील आचऱ्यासारख्या गावात घरगुती संगणक पुष्कळदा मुंबईमार्गे येतो. चाकरमानी मुलाने डोंबिवली किंवा विरारच्या बिऱ्हाडी काही वर्षे वापरलेले यंत्र, त्याने नवे घेतले की गावच्या घरी पोहोचते, त्यावरील मुख्य खाते मुलाच्याच नावाचे राहते, वडिलांना दुसरे साधे खाते काढून दिले जाते, आणि खारी हवा, पावसाळ्यातील ओल व अवेळी जाणारी वीज यांमुळे कधीतरी मदरबोर्ड निकामी होऊन आतली डिस्क तेवढी शाबूत उरते. ‘ॲक्सेस डिनाइड’, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा संदेश, या प्रवासात कोणत्याही टप्प्यावर पडद्यावर येऊ शकतो. संदेशाचे शब्द तेच असले तरी त्यामागील कारणे निरनिराळी असतात, आणि घरोघरी जे नुकसान होते ते नकारामुळे थोडे व त्यावर केलेल्या सरसकट उपायामुळे फार.

विंडोज ९५ आणि ९८ या प्रणालींत हा प्रश्न उद्भवतच नसे, कारण त्या ज्या ‘फॅट’ पद्धतीने डिस्कवर फाइली मांडीत, तीत फाइल कोणाची आहे हे नोंदवण्याची सोयच नव्हती. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या ‘एनटीएफएस’ या मांडणीने प्रत्येक फाइलीला आणि फोल्डरला मालकाची नोंद व परवानग्यांची यादी जोडली. अशा यादीची कल्पना त्याहून बरीच जुनी, १९६५ साली मल्टिक्स प्रणालीच्या आराखड्यात मांडली गेलेली आहे. २००१ सालच्या एक्सपीमुळे ही व्यवस्था घरांत शिरली खरी, परंतु तिच्या ‘होम’ आवृत्तीत परवानग्या दाखवणारा ‘सिक्युरिटी’ टॅब केवळ सेफ मोडमध्ये दिसे आणि पहिले खाते सर्वाधिकारी असे. त्यामुळे त्या काळी नकार वापरणाऱ्याला क्वचितच भेटे, आणि व्हायरसलाही क्वचितच. हे चित्र २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टाने बदलले.

यादीत माणसाचे नाव लिहिलेले नसते. प्रत्येक खात्याला निर्मितीच्या वेळी एक लांबलचक ओळख-क्रमांक मिळतो, घरगुती खात्यांच्या बाबतीत तो ‘एस-१-५-२१’ने सुरू होतो, आणि परवानग्या या क्रमांकाला दिलेल्या असतात. जुने खाते पुसून त्याच नावाचे नवे काढले तरी क्रमांक वेगळा पडतो, त्यामुळे संगणकाच्या लेखी तो दुसराच माणूस ठरतो. यादीतील नोंदी वाचण्याचाही क्रम ठरलेला आहे : त्या फोल्डरवर थेट लिहिलेला नकार आधी, थेट लिहिलेली मुभा नंतर, आणि वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेल्या नोंदी सर्वांत शेवटी. वरून आलेला नकार खालच्या थेट परवानगीपुढे का टिकत नाही, याचे उत्तर या क्रमात आहे.

‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खात्यालाही नकार मिळतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. व्हिस्टापासून अशा खात्याने लॉगिन केले की प्रणाली त्याला दोन ओळखपत्रे देते, एक पूर्ण अधिकाराचे व दुसरे छाटलेले, आणि रोजची सर्व कामे छाटलेल्यावर चालतात. बंद फोल्डरवर क्लिक केल्यावर सध्या परवानगी नसल्याचे सांगून ‘कंटिन्यू’ हे बटण दाखवणारी जी चौकट उघडते, ती या दोहोंमधील दार आहे. तिच्यातील मजकूर बहुतेक जण वाचत नाहीत, वास्तविक त्यात प्रवेश कायमचा मिळेल असे स्पष्ट लिहिलेले असते आणि ते अक्षरशः खरे असते; बटण दाबताच त्या खात्याचा क्रमांक फोल्डरच्या यादीत लिहिला जातो व चौकट बंद केल्यानंतरही तो तेथेच राहतो. नुसते डोकावून पाहण्यासाठी दाबलेल्या बटणाने कुलूपच बदलले जावे, ही रचना सदोष म्हणावी लागते.

प्रणालीच्या मुख्य फाइलींवर तर ॲडमिनिस्ट्रेटरची मालकीही नसते. ती ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या सेवेकडे, म्हणजे विंडोजची अद्ययावत रूपे बसवणाऱ्या अंतर्गत यंत्रणेकडे असते. यंत्र विकत घेणारा, त्यावरील अधिकारी खाते आणि फाइलीचा मालक हे तिघे वेगळे असू शकतात, आणि मालक असला तरी त्याला सदैव आत जाता येतेच असे नाही. आचऱ्याच्या वाचकाला हे नवे नाही : श्रीदेव रामेश्वराच्या कौलानंतर गावपळणीच्या तीन दिवस-तीन रात्री सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर राहुट्यांत राहतो, घर ज्याच्या नावावर असते त्याच्याच नावावर राहते, पण तेवढ्या काळात त्याने त्यात पाऊल टाकायचे नसते.

त्यामुळे नकार देणारा फोल्डर कोणता, हे पाहणे ही तपासाची पहिली पायरी. ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’मध्ये पूर्वस्थितीवर परतण्याच्या नोंदी असतात आणि तो केवळ प्रणालीसाठी उघडा असतो, ‘विंडोजॲप्स’मध्ये स्टोअरमधून घेतलेली ॲप्स असतात, दोन्हींत घरच्या माणसाचे काही काम नसते. खरा घोटाळा ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ने होतो. एक्सपीमध्ये घरातील सर्वांच्या फाइली या फोल्डरमध्ये असत. व्हिस्टाने त्या ‘यूजर्स’मध्ये हलवल्या, मात्र जुन्या प्रोग्रॅमांची वाट चुकू नये म्हणून जुन्या नावाची एक पाटी तेथे ठेवली. ‘जंक्शन’ नावाची ही पाटी फोल्डरसारखी दिसते, पण तिच्यात काहीही साठवलेले नसते. ती केवळ दुसऱ्या जागेकडे वळवते. तिच्यावर आतली यादी वाचण्यास सर्वांना मनाई आहे, तरी पुढे खात्याचे नाव जोडून पूर्ण पत्ता टंकला तर वाट बिनबोभाट उघडते.

ही मनाई कशासाठी, ते ‘ॲपडेटा’मधील ‘लोकल’ फोल्डरात नेमके कळते. तेथील ‘ॲप्लिकेशन डेटा’ ही पाटी ज्या ‘लोकल’मध्ये आहे त्याच ‘लोकल’कडे परत वळवते. मनाई काढून टाकली की सर्व फाइलींची प्रत काढणारा एखादा प्रोग्रॅम त्या पाटीतून आत शिरतो, तेथे त्याला तीच पाटी पुन्हा दिसते, तो पुन्हा आत शिरतो, आणि पत्त्याची लांबी मर्यादेबाहेर जाईपर्यंत ‘ॲप्लिकेशन डेटा’च्या आत ‘ॲप्लिकेशन डेटा’ अशी रांग लागते. प्रत ठेवण्याची डिस्क अकारण भरल्याच्या तक्रारीत असे फोल्डर सापडतात.

‘टेक ओनरशिप’, म्हणजे मालकी घेणे, हा उपाय राइट-क्लिकच्या यादीत बसवून देण्याची एक रीत पडली आहे, आणि संपूर्ण ‘सी’ ड्राइव्हवर तो चालवणे हे तिचे टोक. असे केल्यावर पाट्यांवरील मनाई उडू शकते, प्रणालीच्या फाइलींचे मूळ मालक बदलतात, अद्ययावतीकरण अडू लागते, आणि हे सारे पूर्ववत करणारी एकही साधी आज्ञा नाही. ‘आयकॅकल्स’ या आज्ञेने परवानग्या आधी एका फाइलीत जतन करता येतात, पण हा उपाय करणाऱ्यांपैकी कोणी ते करत नाही. मग फाइली राखून विंडोज पुन्हा बसवणे हाच मार्ग उरतो.

मालकी घेणे जेथे रास्त ठरते तो प्रसंग म्हणजे बंद पडलेल्या यंत्राची डिस्क. ती यूएसबी पेटीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडली की ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये नावाऐवजी नुसता क्रमांक दिसतो, कारण तो क्रमांक जुन्या यंत्रावरील विंडोजने दिलेला असतो व तो कोणाचा हे या संगणकाला ठाऊक नसते. फाइलीच्या मालकाला यादीत आपले नाव नसतानाही यादी बदलण्याचा हक्क असतो, म्हणून येथे आधी ‘टेकओन’ने मालकी घ्यावी व नंतर ‘आयकॅकल्स’ने परवानगी द्यावी, तीही फक्त जुन्या खात्याच्या फोल्डरवर, त्याच डिस्कवरील जुन्या ‘विंडोज’ फोल्डरला हात लावण्याचे कारण नाही. वीज अचानक गेल्याने मांडणीच बिघडली असेल तर संदेश वेगळा, फाइल खराब असल्याचा येतो, आणि तेथे परवानग्यांशी खटपट व्यर्थ असते. आधी डिस्कची प्रत काढून मगच ‘चेकडिस्क’ चालवावे. आपल्याच ‘डॉक्युमेंट्स’मध्ये एखाद्या प्रोग्रॅमला लिहिता येत नसेल, तर २०१७ पासून डिफेंडरमध्ये आलेले खंडणीखोर व्हायरसविरोधी संरक्षण चालू आहे का ते पाहावे, त्यात त्या प्रोग्रॅमला मुभा दिली की पुरते.

डिस्क संकेतबद्ध असेल तेथे मात्र मालकीचा काही उपयोग होत नाही. परवानगीची यादी पाळणे न पाळणे प्रणालीच्या हाती असते, संकेतबद्ध मजकूर किल्लीवाचून कोणालाच वाचता येत नाही. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, नव्याने विंडोज बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की बहुतेक यंत्रांची डिस्क आपोआप संकेतबद्ध होते, आणि रोजची किल्ली यंत्रातीलच एका सुरक्षा-चिपच्या आधाराने उघडते. यंत्र गंजले की ती चिपही जाते, व मग ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली लागते. ती बहुधा यंत्र प्रथम सुरू करणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. किल्ली मागणाऱ्या पडद्यावर तिचा ओळख-क्रमांकही दिसतो. खात्यात एकाहून अधिक किल्ल्या असल्यास त्या क्रमांकाशी जुळणारीच टंकावी.