चौमासातला पालक

चौमासात आपल्या घरी पालेभाजी बंद. पण अकोल्यात मोर्णेकाठी आमचं दोन एकर वावर आहे, बटाईने दिलेलं. तिथे नाल्याच्या पाण्यावर पालक पिकतो आणि बाजारात जातो. आपला नियम सूक्ष्म जीवांसाठी, हे खरं. पण माणसाच्या जिवाचं काय, हे यंदा टोचलं.

सांडपाण्यातून शिसं, कॅडमियम मातीत साठतं. पालक ते पानांत ओढून घेतो. दाण्यात त्यामानाने कमी उतरतं. धुतल्याने वरची धूळ जाते, आतलं जात नाही. आपली काळी माती चिकण, अल्कधर्मी. ती धातू बरेच धरून ठेवते, शेणखत घातलं की आणखी. पण रोज नवं घाण पाणी सोडलं तर माती तरी किती धरणार?

बटाईदार काका म्हणाले, "बाई, पालकाचा पैसा रोज येते, तुरीचा सालातून एक डाव."

खरंच होतं ते. शेवटी नाल्याकडच्या पट्ट्यात तूर, पालक वरच्या विहिरीवर, आणि यंदा आमचा हिस्सा निम्माच, असं ठरलं. ह्यांनी मान डोलावली. सासूबाईंना निम्म्याचं अजून सांगितलेलं नाही.