तेरेखोलच्या दोन्ही थडी

दोन्ही थडींवरून जे गेलं आणि जे जातं आहे, त्याची ही यादी.

किरणपाणीची होडी. सिंधुदुर्गातल्या आरोंद्याहून गोव्यातल्या पेडण्याला जायचं तर मधली तेरेखोल नदी होडीनेच ओलांडावी लागे. आता पूल आहे, आणि तो झाला हे चांगलंच झालं. होडीबरोबर तारी मात्र गेला. पलीकडे कोणाचं माणूस आजारी आहे, कोणाची लेक बाळंतपणाला माहेरी येणार आहे, हे त्याला दोन्ही काठांचं ठाऊक असायचं.

सोयरिकी. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकरांकडेच होता. पुढे पोर्तुगिजांची हद्द मध्ये आली, 1961 साली ती गेली, मग राज्याची सीमा आली. या सगळ्यात नवऱ्या इकडून तिकडे नांदायला जातच राहिल्या. आता इकडची मुलं मुंबई-पुण्यात, तिकडची आखातात नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. लग्नं तिथेच जुळतात.

आकडे इथेच सांगून टाकतो. 2001 साली सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 साली 8,49,651. देश वाढत असताना हा जिल्हा आकसला, शेजारचा रत्नागिरीही आकसला. गोव्यात माणसं कमी झाली नाहीत, बाहेरून येत राहिली. पण 2011 च्या जनगणनेत तिथे साठी ओलांडलेले 11.2 टक्के होते, केरळच्या खालोखाल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा एकूण जननदर 1.3 निघाला. एक काठ ओस पडतो आहे, दुसरा म्हातारा होतो आहे.

मिठागरं. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याचं मीठ 1930 च्या सत्याग्रहामुळे महाराष्ट्राला माहीत आहे. पेडण्यातल्या आगरवाड्याचं मीठ फक्त ते वापरणाऱ्यांना माहीत. काम दोन्हीकडे एकच. पावसानंतर बांध दुरुस्त करायचे. वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून तुडवून टणक करायचा, नाहीतर मिठात माती येते. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करायचं. पृष्ठभागावर साय धरू लागली की लाकडी फळीने मीठ अलगद कडेला ओढायचं, रास करायची आणि वळिवाच्या आधी चुडतांनी शाकारायची. एक अवकाळी सर आली की त्या राशीचं पाणी. हे खडं मीठ कैरीच्या लोणच्याला लागतं, सुकटीला लागतं, माडाच्या मुळात घालतात. दुपारच्या उन्हात मिठाच्या पाण्यात उभं राहणारा तरुण आता दोन्हीकडे मिळत नाही, आणि त्याने का उभं राहावं, हा प्रश्न रास्तच आहे. माझं म्हणणं इतकंच, की दोन्हीकडच्या आगरांना मिळून एक नाव, एक भाव आणि पर्यटकापर्यंत पोचणारी एक वाट मिळाली असती, तर काहीजण तरी थांबले असते.

खाजनांचे बांध. खाडीकाठी एकाचा बांध फुटला की खारं पाणी सगळ्यांच्या भातात शिरतं, म्हणून बांध घालायला सगळी वाडी उतरायची. आता वाडीत उतरण्याजोगे गुडघे राहिले नाहीत.

वायंगणी भात. वरकस जमिनीवरची नाचणी.

रानातली राखण. 2002 साली कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरले, पुढे गोव्याच्या हद्दीतही गेले. तीन राज्यं, तीन वनखाती, हत्ती तेच. एका रात्रीत केळी, माड, पोफळी झोपवून जातात. पूर्वी डुकरांवर-गव्यांवर मचाण बांधून पोरं रात्र जागायची, हाकारे घालायची. त्या घरात आज सत्तरीचा म्हातारा आणि त्याची बायको. ते कोणाला हाकारणार? हत्ती रात्री कुठे आहे, ही खबर तिन्ही खात्यांकडून एकाच वेळी त्या म्हाताऱ्याच्या मोबाइलवर आली पाहिजे. एवढ्याने हत्ती थांबणार नाही. माणूस जिवानिशी वाचेल.

चौथीपर्यंतच्या शाळा. पट दहाच्या खाली, एकच शिक्षक. पेडण्यातही मराठी शाळांची हीच गत. पटासाठी गावोगाव फिरणाऱ्या बाई दोन्हीकडे दिसतात.

बांबोळीचा भरवसा. पणजीला 1842 साली वैद्यकीय शाळा निघाली, तिच्यातूनच आजचं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आलं. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीचा अत्यवस्थ रुग्ण वर्षानुवर्षं तिथेच जात आला. आंबोली घाट चढून कोल्हापूर गाठण्यापेक्षा तेच जवळ. तिथे कोणी गाव विचारत नसे. मग 2018 च्या जानेवारीपासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागलं. दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, दोन्ही सरकारांत बोलणी झाली. गोव्याची बाजूही समजून घ्यायला हवी: खाटा त्यांच्या करदात्यांच्या, आणि त्यांच्याकडेही म्हातारे वाढताहेत. पण गोव्याच्या कारखान्यांत, हॉटेलांत रोज सकाळी मोटारसायकलवर जाणारी पोरं सिंधुदुर्गातलीच आहेत. 2020 च्या टाळेबंदीत सीमा बंद झाली तेव्हा पत्रादेवीच्या सीमानाक्यावर ती अडकली. त्यांचं काम चालतं, आणि त्यांच्या आईचा केसपेपर वेगळा, हे मला पटत नाही. सिंधुदुर्गातच ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. दोडामार्गहून मात्र गोव्यातला म्हापसाच जवळ.

गेलेलं नाही, तेही लिहायला हवं. सिंधुदुर्गातल्या दशावतारी मंडळ्या पेडण्याच्या जत्रांत अजून रात्रभर रंगतात.

तिळारीही आहे. धरण दोडामार्ग तालुक्यात, पाणी बहुतांश गोव्याला, खर्चाचा मोठा वाटाही गोव्याचाच. 1990 साली दोन राज्यांनी करार केला आणि कोणाचं किती ते कागदावर आलं. कालवा फुटतो, भांडणं होतात, विस्थापितांचे प्रश्न रेंगाळले. तरी कोणाकडे दाद मागायची ते ठरलेलं आहे. होडी, बांध, राखण, बांबोळी यांतलं काहीच कधी कागदावर नव्हतं. ओळखीवर चालत होतं, आणि ओळख असलेली माणसं आता थकली.

म्हणून सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग आणि पेडणे, डिचोली, सत्तरी या सहा तालुक्यांच्या लोकप्रतिनिधींना एवढंच मागणं: पाण्यासाठी केलात तसा करार दवाखान्यासाठी, १०८ च्या गाडीसाठी, हत्तीच्या खबरेसाठी करा. खर्चाची टक्केवारी आधी ठरवा, आणि कराराच्या बैठकीला दोन्ही काठांवरची म्हातारी माणसं बोलवा.